तक्रारदार स्त्रीला अब्रुनुकसानीच्या दाव्यापासून संरक्षण हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लैंगिक छळाची किंवा घरातील मारहाणीची तक्रार करणाऱ्या स्त्रीवर उलट अब्रुनुकसानीचा दावा लावण्याची रीत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. विधी स्वयंसेविका म्हणून सिंधुदुर्गातील न्यायालयांत स्त्रियांसोबत जाताना ती इथल्या खेड्यापाड्यांतही पोहोचल्याचे मला दिसते. अशा दाव्यांपासून तक्रारदार स्त्रीला सुरुवातीलाच संरक्षण देणारी स्पष्ट तरतूद कायद्यात व्हावी, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामी हा दोन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, असा अपवादही त्याच कलमात आहे. मात्र तो आपल्याला लागू होतो हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे मूळ तक्रार करणाऱ्या स्त्रीवरच येते आणि बहुतेक वेळा ती संधी साक्षीपुराव्याच्या टप्प्यावर मिळते. तोवर समन्स, जामीन, वकील आणि तारखा यांतून तिला जावेच लागते. लैंगिक छळाचा आरोप केल्याबद्दल तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये दाखल केलेल्या बदनामीच्या फिर्यादीतून पत्रकार प्रिया रमाणी यांची दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्दोष मुक्तता केली आणि अनेक वर्षांनंतरही स्त्रीला आपले गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आहे, असे स्पष्ट केले. हा निकाल मोलाचा आहे. परंतु निष्णात वकील पाठीशी असलेल्या ज्येष्ठ पत्रकारालाही त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ न्यायालयात उभे राहावे लागले.

काजू कारखान्यात रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईची स्थिती यावरून ताडता येईल. आमच्याकडचे कित्येक कारखाने इतके लहान आहेत की तिथे दहा कामगारही नसतात, म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी अंतर्गत समितीही नसते आणि तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी लागते. मी सोबत गेले होते अशा एका स्त्रीने मुकादमाविरुद्ध अशी तक्रार केली. काही दिवसांतच तिच्या सासरच्या पत्त्यावर वकिलाची नोटीस आली: तक्रार मागे घ्या, लेखी माफी मागा, नाहीतर लाखोंच्या भरपाईचा दावा आणि फौजदारी फिर्याद दाखल करू. नोटीस घरातल्या सगळ्यांनी वाचली, मुंबईहून दिरांचे फोन सुरू झाले आणि साक्ष द्यायला तयार असलेली सोबतीणही गप्प झाली. अखेर तिने तक्रार मागे घेतली. दावा प्रत्यक्षात कधी दाखल झालाच नाही, कारण त्याची गरजच उरली नव्हती. अशा प्रकरणांची न्यायालयाच्या दप्तरी कुठेही नोंद होत नाही आणि त्यामुळे हा प्रश्न आहे त्यापेक्षा लहान भासतो, हे मला सर्वांत गंभीर वाटते. घटनेपासून तीन महिन्यांत, कारण पटल्यास आणखी तीन महिन्यांत, तक्रार करण्याची मुदत असल्याने पुढे धीर आला तरी बहुधा वेळ निघून गेलेली असते.

खोट्या तक्रारींचे काय, हा प्रश्न रास्त आहे. प्रतिष्ठा हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले आहे आणि ते मला मान्य आहे. मात्र कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातच, कलम १४ मध्ये, द्वेषबुद्धीने केलेल्या खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे आणि केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. चौकशी पूर्ण होण्याआधीच अब्रुनुकसानीचा दावा लावणारा या दोन्ही गोष्टींना बगल देतो.

मी मागते आहे त्या संरक्षणाला आधार आपल्याच कायद्यांत आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा संरक्षण अधिकाऱ्याला सद्भावनेने माहिती देणाऱ्यास दिवाणी व फौजदारी जबाबदारीतून मुक्त ठेवतो. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदाही असेच संरक्षण देतो. २०१३ च्या कायद्यात मात्र स्वतः छळ सोसलेल्या स्त्रीसाठी असे एकही वाक्य नाही. ते घातले जावे आणि मूळ तक्रारीचा निर्णय होईपर्यंत तिच्यावरील बदनामीची कारवाई स्थगित राहावी. फौजदारी प्रक्रियेसाठीच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ नुसार खासगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सद्भावनेचा मुद्दा त्याच टप्प्यावर तपासण्याचे बंधन घातले, तर बऱ्याच फिर्यादी तिथेच थांबतील. आज अशी फिर्याद रद्द करून घ्यायची तर उच्च न्यायालय गाठावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला खंडपीठाचे कामकाज सुरू झाल्याने मुंबईची खेप वाचली हे खरे, पण घाट चढून जाण्यात बुडणारी मजुरी कोणी भरून देत नाही.

खर्चाचाही विचार व्हावा. व्यापारी वाद सोडले तर त्रासदायक दाव्याबद्दल दिवाणी न्यायालय देऊ शकते त्या भरपाईची मर्यादा दिवाणी प्रक्रिया संहितेत तीन हजार रुपये आहे; एवढ्याने कोणालाही जरब बसणार नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२४ पासून, द्वेषबुद्धीशिवाय छळाची वाच्यता करणाऱ्या व्यक्तीने तिच्यावर लावलेला बदनामीचा दावा जिंकल्यास तिला वकिलाचा खर्च आणि नुकसानभरपाई मिळते. फौजदारी कायदा आणि दिवाणी प्रक्रिया हे समवर्ती सूचीतील, म्हणजे केंद्र व राज्य या दोघांनाही कायदे करता येतात असे, विषय असल्यामुळे महाराष्ट्र विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करू शकते. कोकणातील आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून त्यासाठी अशासकीय विधेयक मांडावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

तोपर्यंत अशी नोटीस हाती आलेल्या स्त्रीने तक्रार मागे घेण्याआधी किंवा काहीही लिहून देण्याआधी नोटिशीसह तालुका विधी सेवा समितीकडे जावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला तिथे मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ही माहिती काजू कारखाने, आंब्याच्या पॅकिंगची ठिकाणे आणि मासळी बंदरे येथे ठळक फलकांवर लावावी.

आपली,
एक विधी स्वयंसेविका
(नाव व पत्ता संपादकांकडे)
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग