लाल बाटली आणि सोलर प्लेट

फैजपूर, जि. जळगाव

चि. मयूर यास आईचे अनेक आशीर्वाद.

पप्पांनी केळीसाठी गच्चीवर ठेवलेल्या लाल बाटल्यांचा फोटो बघून तू विचारलंस, "हे जिवाणू उन्हावर जगतात म्हणजे सोलर प्लेटसारखंच ना?" प्रश्न इतका चांगला आहे की फोनवर दोन वाक्यांत उरकावा असं वाटलं नाही. तू इलेक्ट्रिकलचा, त्यामुळे व्होल्टच्या भाषेत लिहिलं तर तुला लवकर कळेल.

आधी बाटलीचं सांगते. पाणी, फेटलेलं अंडं आणि आधीच्या बाटलीतलं थोडं लाल पाणी, एवढंच तिच्यात घातलंय. त्या लाल पाण्यातच उन्हावर जगणारे हे जांभळे जिवाणू असतात. बाटली गळ्यापर्यंत भरून बूच घट्ट लावायचं. आत हवा राहिली तर हे जिवाणू रंग धरत नाहीत, तुझ्यामाझ्यासारखा श्वास घेऊन जगतात. हवा नाही पण ऊन आहे, असं झालं की त्यांच्या शरीरात पातळ पटलाच्या बारीक बारीक पिशव्या तयार होतात आणि पाणी दिवसागणिक लाल होत जातं. तो लाल रंग कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा. प्रकाश पकडण्याचं मुख्य काम बॅक्टेरिओक्लोरोफिल, म्हणजे पानातल्या हरितद्रव्याचा भाऊबंद, करतं, आणि ते जो प्रकाश सगळ्यांत जास्त घेतं तो आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. 800 ते 900 नॅनोमीटरचा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश तो. केळीचं पान हा प्रकाश घेत नाही, त्यामुळे पानाच्या सावलीतसुद्धा तो भरपूर मिळतो. 870 नॅनोमीटरच्या एका प्रकाशकणात साधारण 1.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा असते. तुझ्या प्लेटमधल्या सिलिकॉनला 1.1 लागते हे तुला पाठ आहेच. म्हणजे इथवर तुझं म्हणणं बरोबर.

त्या पटलात बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या रेणूंची गोल कडी असतात. एका जातीत कड्यांच्या एका जोडीत 27 रेणू मोजलेत. प्रकाशकण कुठल्याही रेणूवर पडला तरी ऊर्जा एका कड्यातून दुसऱ्यात जात शेवटी अभिक्रिया केंद्रावर, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडवणाऱ्या प्रथिनावर, येते. तिथे दोन रेणू एकमेकांना चिकटून बसलेले असतात. त्या जोडीतून एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि माझ्या मते सगळी करामत इथून पुढे आहे.

इलेक्ट्रॉन सोडवणं अवघड नाही. तो परत फिरला तर सगळं मुसळ केरात, ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. आता पुढचे आकडे नीट बघ. जोडीतून सुटल्यावर सुमारे 3 पिकोसेकंदांत तो पुढच्या रेणूवर पोचतो. एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग. तिथून मागे फिरायला त्याला 10 नॅनोसेकंद तरी लागतील, पण पहिला क्विनोन (इलेक्ट्रॉन झेलणारा रेणू) त्याला 200 पिकोसेकंदांतच उचलतो. म्हणजे पुढचा रस्ता मागच्यापेक्षा पन्नासपट जलद. पहिल्या क्विनोनवरून परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि दुसऱ्या क्विनोनवर जायला दहा हजारावा. इथे हजारपट. प्रत्येक पायरीवर, मागे वळायच्या आत पुढचा तयार!

तुझ्या प्लेटमध्ये जंक्शनचं, म्हणजे दोन प्रकारच्या सिलिकॉनच्या सांध्याचं, विद्युतक्षेत्र दोन भार वेगळे ठेवतं. इथे जंक्शन नाही. रेणू किती अंतरावर बसवलेत आणि प्रत्येक पायरीला ऊर्जा किती उतरते, यावरच सगळं चालतं. त्याची किंमतही मोजावी लागते. जवळपास प्रत्येक प्रकाशकणामागे एक इलेक्ट्रॉन हमखास पुढे जातो, पण 1.4 मधली निम्म्याहून जास्त ऊर्जा वाटेत उष्णता होऊन जाते. मला हा तोटा वाटतच नाही. उतार दिला नसता तर इलेक्ट्रॉन पुढेच जाईल याची खात्री राहिली नसती.

हे केंद्र दिसतं कसं, ते हार्टमुट मिशेल, योहान डायझेनहोफर आणि रॉबर्ट ह्यूबर या तिघांनी दाखवलं. पटलातल्या प्रथिनाचे स्फटिक बनतच नाहीत असा त्या काळी बहुतेकांचा समज होता. मिशेलने अशाच एका जांभळ्या जिवाणूच्या केंद्राचे स्फटिक बनवले, आणि 1988 चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्या चित्रात जोडीपासून दोन फांद्या निघतात, डावी उजवी जवळजवळ सारखी. तरी इलेक्ट्रॉन जातो तो एकाच फांदीने! मी मुलांना शिकवताना दर वर्षी इथे थांबते.

आता तुझ्या प्लेटशी फारकत. प्लेटमधला प्रवाह तारेने बाहेर जातो. इथे तो पटलातल्या पटलात गोल फिरतो. दुसऱ्या क्विनोनवर दोन इलेक्ट्रॉन जमले की तो दोन प्रोटॉन उचलून सुटतो आणि पटलातल्या दुसऱ्या प्रथिनाकडे जातो. इलेक्ट्रॉन तिथून सायटोक्रोम नावाच्या वाहक प्रथिनामार्गे आपल्या मूळ जोडीकडे परततात. प्रोटॉन मात्र पटलाच्या एकाच बाजूला साठत जातात, पांझरेच्या फड बंधाऱ्यात पाणी अडवून मग पाटाला सोडतात तसे. त्यांना परत यायला वाट एकच, एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून. प्रोटॉन आत शिरले की त्याचा एक भाग खरोखर गरगर फिरतो आणि दर फेऱ्याला तीन एटीपी तयार होतात. पेशीची सगळी कामं या एटीपीवर चालतात. प्रोटॉनच्या साठ्यातून एटीपी बनतं हे पीटर मिचेलने 1961 मध्ये मांडलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नव्हतं. 1978 मध्ये त्याला नोबेल मिळालं.

या सगळ्यात ऑक्सिजन कुठेच नाही. पाण्यातून इलेक्ट्रॉन काढायला 0.8 व्होल्टच्या वर ओढ लागते, या जोडीची ओढ 0.5 च्या आसपास. म्हणून शरीर वाढवायला लागणारे इलेक्ट्रॉन हे जिवाणू सेंद्रिय आम्लांतून घेतात, काही भाऊबंद हायड्रोजन सल्फाइडमधून. पाणी फोडण्याएवढी ओढ सायनोबॅक्टेरिया नावाच्या निळ्या-हिरव्या जिवाणूंनी कमावली, आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला.

केळीला त्याचा किती उपयोग, हा पप्पांचा प्रश्न वेगळा. प्रकाशावर जगणारा जीव आहे म्हणून घडाचं वजन वाढेलच असं होत नाही. मी त्यांना सांगितलंय, एका ओळीला ते पाणी द्या, शेजारची ओळ तशीच ठेवा, आणि कापणीला दोन्हीकडचे घड काट्यावर घाला. ते तयार झालेत.

तुमच्या कॉलेजात 900 नॅनोमीटरपर्यंत मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठला प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणारं यंत्र) असेल तर सरांना विचार. पुढच्या आठवड्यात मामा नाशिकला येतोय, त्याच्याकडे एक बाटली देते. काळ्या कागदात गुंडाळून ठेव, बूच उघडू नकोस. 800 च्या जवळ एक शिखर आणि 850 ते 880 च्या मध्ये दुसरं दिसायला हवं. आलेखाचा फोटो मला पाठव, वर्गात दाखवीन.

तुझी,
आई