"हार्मोन्सचं आहे, जाईल आपोआप" हे अर्धंच उत्तर झालं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या आरोग्य पुरवणीत एका आईने विचारलं होतं की माझा ११ वर्षांचा मुलगा सारखे डोळे मिचकावतो, मान झटकतो आणि मधूनच घशातून आवाज काढतो, काय करू. उत्तर काय तर दोन ओळी, हार्मोन्सचे बदल आहेत, वयात आला की आपोआप जाईल. राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण माझ्या मुलाला टुरेट आहे, म्हणजे मेंदूशी संबंधित असा त्रास ज्यात अशा हालचाली आणि आवाज, म्हणजेच टिक्स, इच्छा नसताना होत राहतात, तो आता नववीत आहे आणि एवढ्या वर्षांत यावर जे हाताला लागलं ते मी वाचून काढलंय.

आमच्याकडे पहिलीत सुरू झालं. नुसतं डोळे मिचकावणं. मग चष्म्याचा नंबर तपासला, ॲलर्जीचे ड्रॉप्स घातले, टीव्ही बंद केला, डोळे थांबले तर नाक ओढणं सुरू, ते गेलं तर खांदा उडवणं, सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, शाळेत बाईंनी माकडचेष्टा करतो म्हणून बाकावर उभं केलं. पाचवी-सहावीत तर कहर झाला आणि तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक माणूस हेच सांगायला लागला की वयात येतोय ना, उष्णता असते अंगात, हार्मोन्स!

आता साधा हिशोब करा. टिक्स बहुतेक मुलांत ४ ते ७ वर्षांच्या आसपास सुरू होतात, आणि त्या वयात मुलाच्या अंगात टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन जवळपास नसतंच. सगळ्यात जोर असतो १० ते १२ या वयात. पुढे टेस्टोस्टेरॉन खरोखर भराभर वाढतं, दाढी-मिशी फुटते, आवाज फुटतो, तेव्हा पुष्कळांचे टिक्स उलट कमी व्हायला लागतात. वयात येण्यामुळेच हे होत असतं तर चित्र बरोबर उलटं दिसायला पाहिजे होतं ना?

मग हार्मोन्सचा काही संबंधच नाही का? तर तसंही नाहीये. टुरेट मुलींपेक्षा मुलांमध्ये तीन-चार पट जास्त आढळतो, यावरूनच संशोधकांना शंका आली. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लोकांनी १९९० च्या दशकात असं मांडलं की बाळ पोटात असतानाच मुलाच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन मेंदूच्या जडणघडणीवर परिणाम करतं, आणि हालचालींवर ताबा ठेवणारी जी सर्किट्स असतात, जिथे डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचं काम चालतं, ती त्यामुळे जरा वेगळी घडत असावीत. म्हणजे हार्मोनने काही केलं असेलच तर बारशाच्याही आधी करून ठेवलं. हा अजून अंदाजच आहे बरं का, पक्कं सिद्ध झालेलं नाही. १९९८ मध्ये याच गटाने १३ मोठ्या माणसांवर टेस्टोस्टेरॉनला अडवणारं फ्लुटामाइड वापरून बघितलं, हे मुळात प्रोस्टेटच्या कॅन्सरचं औषध. हालचालींचे टिक्स थोडे कमी झाले पण तो परिणाम टिकला नाही, आणि या औषधाने लिव्हरला धोका असतो तो वेगळाच. मुलांना द्यायची ही गोष्टच नव्हे. काही मुली सांगतात की पाळीच्या आधी टिक्स वाढतात, तेही नोंदलेलं आहे.

राहिला ताण. परीक्षा आली की वाढतात हे कुणीही सांगेल, पण आमच्याकडे गणपतीला पाहुणे आले तरी वाढतात, सहलीच्या आदल्या रात्री तर विचारूच नका. ताणात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं हे खरं, पण म्हणून कॉर्टिसॉलची टेस्ट करून टिक्सचं निदान होत नाही. आम्ही मात्र कुणीतरी सांगितलं म्हणून थायरॉईडपासून सगळ्या टेस्ट करून बसलो, सगळं नॉर्मल आलं आणि लेकाचा हात सुजला तेवढा. खरं सांगायचं तर आम्ही त्याच्यावर ओरडणं बंद केल्याने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच नाही पडला. एकदा मी थांबव म्हणून मागे लागले तर म्हणाला, आई तू डास चावल्यावर न खाजवता बसून दाखव.

आणि आपोआप जाईल म्हणाल तर साधारण एक तृतीयांश मुलांचं जवळजवळ जातं, एक तृतीयांशांचं बरंच कमी होतं, पण बाकीच्यांचं राहतं. जायचं असेल तरी तोवर दोन-चार वर्षं शाळेत त्या पोराने काढायची कशी? यासाठी सीबिट नावाची ट्रेनिंगची पद्धत आहे, टिक येणार असं वाटलं की त्याच्या उलट हालचाल करायला शिकवतात. २०१० मध्ये १२६ मुलांवर १० आठवड्यांची चाचणी झाली त्यात निम्म्याहून जास्त मुलांना चांगला फायदा झाला, नुसतं समजावून सांगणं आणि धीर देणं झालं त्या गटात साधारण पाचातल्या एकालाच. फारच त्रास असेल तर गोळ्या आहेत, क्लोनिडीन वगैरे, त्या डॉक्टर ठरवतात. सोबत एडीएचडी (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) किंवा ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होणं) आहे का तेही बघावं लागतं, आमच्याकडे टिक्सपेक्षा तेच जास्त छळत होतं.

हे शिकवणारी माणसं आपल्याकडे कमी आहेत, आम्हाला सांगलीहून पुण्याला खेटे घालावे लागले. पण लहान मुलांच्या न्यूरोलॉजिस्टला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, एवढी एक ओळ तरी त्या उत्तरात हवी होती. तुमच्या त्या उत्तराचं कात्रण दुसऱ्याच दिवशी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरत होतं, खाली २,४०० रुपयांच्या हार्मोन बॅलन्स पावडरची जाहिरात जोडून. प्रश्न विचारणाऱ्या त्या आईचा पत्ता तुमच्याकडे असेलच, निदान ती पावडर घेऊ नका एवढं तरी त्यांना कळवा.

आपली,
एक वाचक, सांगली