सूचना : दिनदर्शिकेच्या छपाईपूर्वी प्रूफ पाहण्याबाबत

सांगलीतील सर्व छायाचित्रकार सभासदांस कळविण्यात येते की, प्रत्येकाने आपल्या छायाचित्राचे कागदावरील प्रूफ (छपाईपूर्वी काढलेली नमुना प्रत) पाहून त्यावर सही केल्याशिवाय दिनदर्शिकेची छपाई सुरू करण्यास परवानगी दिली जाणार नाही. मोबाइलवर पीडीएफ पाहून ‘ठीक आहे’ असे कळविणे ग्राह्य धरले जाणार नाही. कारण पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातून रंग दाखवतो, ऑफसेट यंत्र मात्र सायन (आकाशी निळसर), मॅजेंटा (किरमिजी), पिवळी आणि काळी अशा चार शाईंतून, आणि पडद्यावरचे कित्येक झळझळीत रंग या शाईंत उतरतच नाहीत. मागील वर्षी हळदीच्या सौद्याचे सोनेरी चित्र सर्व प्रतींत मळकट तपकिरी झाले, याची हळहळ अजून जात नाही.

प्रूफ अंतिम छपाईच्याच कागदावर काढून घ्यावे. मॅपलिथो (लेप नसलेला) कागद शाई शोषून घेतो, चित्र ज्या बारीक ठिपक्यांनी छापले जाते ते पसरतात आणि आयर्विन पुलाच्या कमानींखालच्या सावलीसारखा गडद भाग नुसता काळा होऊन बसतो. आर्ट पेपरवर (गुळगुळीत लेप असलेल्या कागदावर) तोच तपशील बराचसा टिकतो. प्रूफ दिवसाच्या उजेडात पाहावे, पिवळ्या दिव्याखाली नव्हे.

मजकुराकडेही तितकेच लक्ष द्यावे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरे बिघडतात, म्हणून नावे व तिथी अक्षरन् अक्षर वाचाव्यात. दुरुस्त्या तोंडी न सांगता प्रूफवरच लाल शाईने कराव्यात. प्लेट (जिच्यावरून छपाई होते तो पत्रा) तयार झाल्यावर एका काना-मात्रेसाठीही नवी प्लेट करावी लागते.