आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर

प्रिय आई-बाबा,

परवा फोन ठेवता ठेवता आईनं विचारलं, "गो, काय झाला तर तू कितक्या वेळात पोचतलंस?" मी पटकन म्हटलं, "अगं, विमानाचा तास-सव्वा तास." फोन ठेवल्यावर वाटलं, आपण आईला फसवलं.

बेंगळुरू ते गोव्यातलं मोपा विमानतळ, हवाई अंतर सुमारे 500 किलोमीटर. तिकिटावर सव्वा तास लिहितात, त्यातलं काही तर धावपट्टीकडे सरकण्यातच जातं. पण माझं घर शहराच्या दक्षिणेला आणि विमानतळ पार उत्तरेला, देवनहळ्ळीला. ट्रॅफिक लागलं की दीड-दोन तास तिथेच. काउंटर तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोचायचं. मोपाला उतरून बॅग घ्यायला, टॅक्सी बघायला अर्धा तास, पुढे बांदा, सावंतवाडी करत वेंगुर्ल्याला दीड तास. बाबा, बेरीज तुम्हीच करा. माझी सव्वासात तास आली, तीही हवं तेव्हा विमान मिळालं तर!

आपल्या सिंधुदुर्गातलं चिपीचं विमानतळ मी हिशेबात धरत नाही. 2021 च्या ऑक्टोबरात ते सुरू झालं तेव्हा बाबा केवढे खूश होते! पण तिथलं वेळापत्रक बदलत असतं, अडीअडचणीला त्यावर विसंबता येणार नाही. रात्रीचं शेवटचं विमान गेलं असेल तर गाडीनं बेळगाव, मग आंबोली घाट. अकरा-बारा तास कुठे गेले नाहीत, आणि पावसात घाटात धुकं असलं की विचारूच नका. बाबांच्या लहानपणी आजोबा मुंबईहून बोटीनं रात्रभर यायचे, त्यात नि माझ्यात फार फरक पडला म्हणायचा का?

तर आई, उत्तर असं, विमान मिळालं तर सात-आठ तास, नाहीतर अकरा-बारा. म्हणून माझी वाट बघत थांबायचं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, "सकाळपर्यंत बघू" नको. आधी 108, मग शेजारच्या अण्णांना हाक, मला फोन सगळ्यात शेवटी. बाबा, हे तुम्हालाच जास्त सांगते आहे. मागच्या वेळी तुम्ही ताप आठ दिवस लपवलात.

आणि बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, न्यायचं ठरलं तर मी वेंगुर्ल्याला येणारच नाही. मोपाहून बांबोळी साधारण तासाभरावर, थेट तिकडेच येईन. तुमची जुनी फाइल, गोळ्यांची यादी आणि आधार कार्डं एका पिशवीत घालून दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवा. देवघरात नको, तिथे आई पिशवीवर पिशवी ठेवते.

रात्री फोन सायलेंटवर टाकू नका. मीही टाकत नाही.

तुमची,
बाय

ता.क. मे महिन्यात येते. सामानाला 15 किलो मिळतात, तेव्हा आंबे मोजून बांध गं आई.