पाटी लावलीस का?

रविवार, रात्रीचे साडेदहा

चि. इरा हीस,
अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा दिसतात आणि उत्तर येत नाही, म्हणून शेवटी कागद काढला. बँकेतून निवृत्त झाल्यापासून एवढं हाताने लिहिलं नव्हतं, अक्षर सांभाळून घे. डॅडी मंगळवारी तुझ्या गीझरसाठी भांडुपला येणार आहेत. त्यांच्या पिशवीत हे पत्र, मसाल्याची बाटली आणि एक पुडकं आहे. पुडकं पत्र वाचून झाल्यावर उघड. बाटली उभीच ठेव, बूच जुनं आहे.

एक विचारते आणि मग तो विषय बंद. दाराला पाटी लावलीस का?

लावली असशील तर काय लिहिलंस? आणि समोरच्या घरात कोण राहतं? बरं, राहू दे. जेवणाचं काय करतेस ते सांग. तुझ्यासोबत राहणाऱ्या त्या दोघी मुली स्वयंपाकाला हात लावतात की सगळं तुझ्याच गळ्यात?

तुझ्यासाठी भाड्याचं घर बघायला गेलो त्या दिवशीचं मी किती वेळा मनात घोळवलं असेल. ब्रोकरने वही उघडून विचारलं, "मुलीचं नाव?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "इरा. इरा कर्णिक." त्याने लिहून घेतलं. पेन कुठे अडलं नाही. मला तेवढंच हवं होतं गं. लग्नाला २९ वर्षं झाली. गॅसच्या नंबराला, तुझ्या शाळेत, माझ्याच बँकेच्या काउंटरवर, 'मिस्किटा' म्हटलं की समोरचं पेन थांबतं हे मी बघत आले आहे. "गोव्याचे का?" नाही हो, इथलेच, कलिन्याचे. "पण मराठी किती छान बोलता!" मग काय बोलू? मी जन्मले दादरला, आणि डॅडींच्या घरी तरी पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय बोलतात? दर वेळी हे सगळं सांगायचं आणि सांगून झालं की समोरच्याचा चेहरा वाचत उभं राहायचं. त्या दिवशी मला त्याचा कंटाळा आला होता. सहावं घर होतं ते. आधीच्या तिघांनी तर 'व्हेज की नॉनव्हेज' विचारूनच दार लावलं होतं.

पण हा झाला बहाणा. आधार कार्डावरचं नाव कुठे लपणार होतं? अ‍ॅग्रीमेंट टाइप करणाऱ्या मुलाने कार्ड पुढ्यात घेतलं आणि मोठ्याने वाचलं, "इरा डॉमनिक मिस्किटा." मालक तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघायला लागले. "मॅडम, तुम्ही तर कर्णिक म्हणाला होतात. म्हणजे तुम्ही नेमक्या कोण?" आधीच सरळ सांगितलं असतं तर फार तर नाही म्हणाले असते. मी लपवलं म्हणून आपण खोटारडे ठरलो.

घरी येऊन तू म्हणालीस, "आई, तुला डॅडींची लाज वाटते." डॅडी आत बोंबील तळत होते. त्यांनी गॅस बारीक केलेला मला ऐकू आला. नंतर ताट वाढताना फक्त म्हणाले, "गार होतायत." तू जेवली नाहीस. तुझे चार बोंबील त्यांनी दुसऱ्या दिवशी डब्यात नेले.

लाज नाही. काय आहे ते सांगते. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही, आणि डॅडींनाही अर्धंच माहीत आहे.

डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईत दंगल झाली, मग जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा. मी २२ वर्षांची, नुकती बँकेत लागलेली. आपल्या दादरच्या बिल्डिंगीत लिफ्टच्या बाजूला काळा फळा होता, त्याच्यावर पांढऱ्या अक्षरांत सगळ्या बिऱ्हाडांची नावं. दुसऱ्या मजल्यावर डॉक्टरकाका राहायचे. आमचे गोवर-कांजिण्या, फुटलेले गुडघे सगळे त्यांच्याच हातचे. पूर्ण फळ्यावर त्यांचं एकट्याचं नाव वेगळं होतं. एका रात्री जेवणं आटोपल्यावर तुझे आजोबा बनियनवरच खाली उतरले, मी टॉर्च धरायला. चार स्क्रू. तीन निघाले. चौथा गंजलेला, त्याच्यावर त्यांनी खोबरेल सोडलं आणि तेल मुरेपर्यंत आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. मी विचारलं, "काकांचं एकच नाव काळ्या रंगाने झाकलं तर?" बाबा म्हणाले, "मग ते त्यांच्यावर बोट ठेवल्यासारखंच होईल. सगळा फळाच नको." फळा आमच्या पलंगाखाली गेला. शहरात तेव्हा कितीतरी इमारतींनी हेच केलं. लिफ्टजवळच्या भिंतीवर तेवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसायचा. फळा पुन्हा लागला तेव्हा गणपती आले होते, आणि डॉक्टरकाका जागा विकून मीरा रोडला गेले होते.

तेव्हापासून दारावरचं नाव म्हटलं की माझ्या बोटांना ते खोबरेल लागतं.

आता ते दिवस नाहीत, कळतं मला. तरी ऐक. अ‍ॅग्रीमेंटची एक प्रत इकडे पाठव. पोलीस व्हेरिफिकेशनची पावती फोनमध्ये ठेवू नकोस, छापून घे. अकरा महिने संपायच्या दोन महिने आधी मालकाला विचार, पुढे काय. सोसायटीच्या सेक्रेटरीला दिवाळीचा फराळ दे, आणि नाताळचाही दे, पण नाताळचा नंतर, आधी ओळख होऊ दे. सुका जवळा भाजायचा तर पॅसेजकडची खिडकी लावून घे, मागची उघड. कोणी विचारलं 'तुम्ही कोण' तर

बघ. पुन्हा लपवायलाच शिकवते आहे. डॅडी मागून वाचत होते, त्यांनी 'नाताळचा नंतर' वर बोट ठेवलं आणि गेले. वाक्य अर्धंच राहू दे. खिडकी उघडी ठेव नाहीतर बंद, तुझं घर आहे.

डॅडींचं बरं आहे, त्यांना नावाचं कधी काही वाटत नाही. त्यांच्या लोकांनी तर नाव निवडून घेतलेलं. मूळचे ते इथलेच, साष्टीचे, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले. पुढे इंग्रजांच्या नोकऱ्यांसाठी गोवा-मंगलोरचे ख्रिस्ती मुंबईत यायला लागले, तेव्हा आम्ही त्यांच्यातले नव्हेत हे साहेबाला कळावं म्हणून १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे लोक 'ईस्ट इंडियन' झाले. आता त्या नावाने सगळाच घोटाळा. तू शाळेत 'ईस्ट इंडियन' सांगितलंस तर बाईंनी विचारलं, "म्हणजे बंगाली?" परवा मी डॅडींना म्हटलं, नोकरीसाठी अख्ख्या समाजाने नाव घेतलं, मी एका फ्लॅटसाठी घेतलं तर एवढं काय? ते म्हणाले, "आम्ही आमचं घेतलं. तू तिचं घेतलंस." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

आणि मी कधी घाबरले नाही असंही नाही गं. आमचं लग्न स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली, म्हणजे नोंदणी कार्यालयात दोघांच्या नावांची नोटीस ३० दिवस टांगलेली. पुन्हा एक फळा! त्या ३० दिवसांत मी घरी सांगणार होते, रोज ठरवायचे, उद्या. तुझ्या आत्याआजीच्या यजमानांचं त्याच इमारतीत काम निघालं आणि त्यांनी ती वाचली. दादरच्या आजीला माझं लग्न असं कळलं. दोन वर्षं तिने आमच्या घराची पायरी चढली नाही.

मग तू पोटात होतीस तेव्हाचं. त्याआधी दोनदा दिवस राहून गर्भ पडला होता, तुला माहीत आहे. सप्टेंबरात मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला डॅडींची मम्मा मला घेऊन गेली. वांद्र्याच्या त्या चढणीवर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल, हात, पाय, घर, बाळ, ज्याला जे मागायचं ते. गर्दीत पुढे एक नऊवारीतली बाई दोन्ही हातांनी मेणाचं बाळ धरून चालली होती, खऱ्या बाळाची मान सावरावी तशी. पदर ओळखीचा वाटला. दादरची आजी होती. आम्हाला बघून म्हणाली, "मी इथे दर वर्षी येते." साफ खोटं. मम्मानेही हो हो म्हटलं. दोघींनी मिळून ते बाळ आत नेऊन दिलं आणि परत येताना माझ्यासाठी काळे चणे घेतले, गरम, कागदाच्या पुडीत. त्यानंतर वालाच्या बिरड्यात नारळाचं दूध घालायचं की वाटण, ह्याच्यावरून त्या शेवटपर्यंत भांडल्या, पण वाल सोलायला एकाच ताटाशी बसायच्या. तू मधे बसून सालं खायचीस.

तुझं नाव 'इरा' ठेवलं ते दोन्ही घरांत नीट म्हणता यावं म्हणून. दादरला ती सरस्वती, कलिन्याला फादर म्हणाले, असं नाव बायबलातही आहे. केवढी हुशारी केली असं वाटलं होतं मला. आडनावाचं काही सुचलं नव्हतं. शाळेच्या फॉर्मवर धर्माची जागा मी पेन्सिलने भरायचे आणि घरी येऊन झोप उडायची. तू नववी-दहावीत असशील, २०१४, मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती कोणावर करता येणार नाही. डॅडींनी ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं, चिंबोरीच्या चुंबकाखाली. पण ब्रोकरची वही थोडीच कोर्टात जाते.

मसाल्याचं सांगायचं राहिलंच. तू मुद्दाम नेली नाहीस ना बाटली? मे महिन्यात कुटणाऱ्या बायका आल्या होत्या. मम्मा गेल्यावर यंदा पहिल्यांदा मी एकटीने मिरच्या भाजून दिल्या, २७ जिन्नस मोजून. तिच्या वहीत 'थोडं' आणि 'पुरेसं' एवढीच मापं. वर्तमानपत्राचं नरसाळं करून तपकिरी बिअरच्या बाटलीत भरला, काठीने ठासून, हवा राहिली की किडतो. भरताना शिंका येऊन येऊन डोळे लाल झाले. डॅडी म्हणाले, मम्मासारखाच झालाय. खोटं बोलत असतील तरी चालेल. सीकेपी सुनेच्या हातचा बॉटल मसाला आहे, जपून वापर.

आणखी एक, जे तेव्हा बोलायला हवं होतं. मालकांनी विचारलं 'तुम्ही नेमक्या कोण' तेव्हा मी पर्सची चेन उघड-बंद करत होते. तू म्हणालीस, "मी मिस्किटा. आई कर्णिक होती, आता तीही मिस्किटा. डिपॉझिटचा चेक परत द्या." चेक घेतलास, घडी न घालता फाइलमध्ये ठेवलास, आणि त्या टाइप करणाऱ्या मुलाला थँक्यू म्हणालीस. जिन्यात मला वाटलं, ही कुठून आली? तेवढ्यात तू रागाने बघितलंस आणि ते सांगायचं राहून गेलं.

आता पुडकं उघड. दादरला ज्यांनी आजोबांची पाटी केली होती त्यांच्याकडे मी बुधवारी गेले. म्हातारे वारले, मुलगा बसतो, मशीनवर करतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकार आता आईचं नाव मधे घालून लिहितं, आधी आई, मग वडील, मग आडनाव. तू २५ वर्षं लवकर आलीस, पण पाटीला कोण विचारतंय? 'इरा सुनीती डॉमनिक मिस्किटा.' एका ओळीत मावलं नाही म्हणून दोन केल्या. कर्णिक घातलेलं नाही. मुलाने विचारलं, "आडनाव कसं लिहायचं?" मी सांगितलं, दोनदा, अक्षर न् अक्षर, आणि त्याचं पेन थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले.

नको वाटली तर लावू नकोस. पलंगाखालीही ठेवू शकतेस, आपल्याकडे तशी रीत आहे. आणि लावणार असशील तर आधी मालकाला विचार, भिंतीला भोकं पाडायची नाहीत असं कलम असतं. तो नाही म्हणाला तर दोन्हीकडून चिकटणारी टेप घातली आहे, दरवाजा आधी कोरड्या फडक्याने पुस. हो म्हणाला तर चार स्क्रू आणि रावलप्लग वेगळ्या पाकिटात आहेत. स्क्रू पितळेचे घेतलेत, गंजत नाहीत. ड्रिल डॅडी आणतील, चष्मा विसरतील, तू आठवण कर.

लावलीस की फोटो पाठव. समोरच्या दाराचाही आला तर बघ.

तुझी,
आई

ता. क. बाटली रिकामी झाली की धुऊन परत पाठव. फेकू नकोस, मम्माच्या वेळची आहे.