गंज खरवडायला माणसं हवीत, आणि पैसेही

सस्नेह नमस्कार,

‘जेरेमाया ओब्रायन’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय. भारतातून आई-बाबा आले की सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यांवर चक्कर होतेच. तिथे राखाडी रंगाचं, ४४१ फूट लांबीचं हे जुनं मालवाहू जहाज दिसतं, आपण फोटो काढतो आणि आइस्क्रीम शोधायला लागतो. यंदा मंडळातर्फे या जहाजासाठी निधी गोळा करायचं कार्यकारिणीने ठरवलं आहे. बैठकीत पहिला प्रश्न अर्थातच आला: अमेरिकेच्या जहाजाशी आपला काय संबंध?

संबंध आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ हे मालवाहू जहाज फुटलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्यांच्याच जोडीला कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटाही. दुपारी चारनंतर काही मिनिटांनी पहिला स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान परत आले नाहीत. गोदीचा हा स्फोट आपल्यातल्या अनेकांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला आहे. दुसऱ्या महायुद्धात माल वाहायला बांधलेली ‘फोर्ट’ जातीची ती जहाजं आणि ओब्रायनसारखी ‘लिबर्टी’ जहाजं मुळात एकाच ब्रिटिश आराखड्यावरून निघाली. त्यांना चुलत भावंडं म्हणायला हरकत नाही. फोर्टचे पत्रे रिव्हेट ठोकून जोडले होते, लिबर्टीचे वेल्डिंगने. फोर्टच्या भट्टीत कोळसा, लिबर्टीच्या भट्टीत तेल. ओब्रायनच्या डेकवर कोठाराच्या तोंडाशी उभं राहून खाली वाकून पाहिलं की मालाचं कोठार किती खोल असतं ते कळतं. धुराने भरलेल्या अशाच कोठारावर पाण्याचे पाइप धरून ती माणसं उभी होती.

लिबर्टी जहाजं बांधली गेली २,७१०. आज स्वतःच्या वाफेवर चालू शकणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही उरलेली नाहीत. ओब्रायन १९ जून १९४३ रोजी मेन राज्यात पाण्यात उतरलं. दुसऱ्या वर्षी फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर माणसं आणि सामान पोचवायला त्याने अकरा खेपा केल्या. पुढे ते भारताच्या बंदरालाही लागून गेलं. युद्ध संपल्यावर कॅलिफोर्नियातल्या सुसून खाडीत ३३ वर्षं पडून राहिलं आणि १९७९ साली, भंगारात जायच्या ऐवजी, आपल्याच इंजिनावर तिथून बाहेर पडलं. १९९४ मध्ये डी-डेच्या (दोस्त सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्या दिवसाच्या) पन्नाशीला ते पुन्हा नॉर्मंडीला गेलं तेव्हा त्यावरचे बरेचसे खलाशी सत्तरीच्या घरातले होते. (आपल्याकडे त्या वयात ट्रेकला निघणाऱ्यांना घरचे काय बोलतात, ते आठवा.)

मे २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पिअर ४५ या धक्क्याला मोठी आग लागली. गोदाम जळून गेलं, शेजारी बांधलेलं ओब्रायन मात्र अग्निशामक दलाच्या बोटीने वाचवलं. ही बातमी वाचताना आपल्यातल्या मुंबईकरांना गोदी आठवली नसेल तरच नवल.

जहाज चालतं ते तिकिटांवर, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या हातांवर. खारं पाणी लोखंडाला सोडत नाही. एका टोकाचा गंज खरवडून रंग लावून होईतो दुसरं टोक लाल झालेलं असतं. ठरावीक काळाने तळ तपासायला ते सुक्या गोदीत न्यावं लागतं, आणि खरा खर्च तिथे येतो.

म्हणून विनंती अशी. देणगी कितीही चालेल. धनादेश मंडळाच्या कोषाध्यक्षांकडे द्या किंवा गणपतीच्या वर्गणीसोबत वेगळ्या पाकिटात ‘जहाज’ असं लिहून द्या. जमलेली सगळी रक्कम जहाज सांभाळणाऱ्या संस्थेला जाईल, मंडळ त्यातला एक डॉलरही खर्चासाठी ठेवणार नाही. कोणाला थेट त्यांनाच द्यायचे असतील तर तेही उत्तम, फक्त आम्हाला कळवा म्हणजे हिशेब लागेल.

पैशांपेक्षा वेळ देणं सोपं असेल तर काम करायला या. नावं आधी दिलीत तर आम्हाला जहाजावर कळवता येईल. आणि घरात कोणाकडे १९४४ च्या गोदीच्या आठवणी, पत्रं, फोटो असतील तर त्यांची प्रत जरूर पाठवा. मंडळाच्या दिवाळी अंकात चार पानं त्यासाठी राखून ठेवली आहेत.

येताना जुने कपडे घाला. तो राखाडी रंग धुऊन जात नाही.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी