पोअरिंग थांबवणाऱ्याच्या मागं कोण उभं राहतं

शिरोली, सोमवार रात्र

प्रिय सुन्या,

परवा फोनवर म्हणालास ना, सुपरवायझर तोंडच उघडत नाहीत, साधा हेल्पर इकडचा तिकडं करायचा तरी तुला विचारतात, आणि आता एजन्सी बोलवून दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग ठेवायचं चाललंय. मी गाडीवर होतो म्हणून नीट बोलता आलं नाही, पण तेव्हापासून तेच डोक्यात आहे. म्हणून लिहितोय, लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी माझी चूक सांगतो, जी तुला आजवर सांगितली नाही. जुन्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, असताना मोल्डिंगला, वाळूचे साचे करायला, एक पोरगा होता, आयटीआय झालेला, मूठभर वाळू दाबून मोडून बघायचा आणि ओलावा जास्त आहे की कमी ते सांगायचा, लॅबचा रिपोर्ट मागाहून यायचा आणि बहुतेक वेळा तेच म्हणायचा. त्याला आम्ही सुपरवायझर केलं. केलं म्हणजे काय, शर्टचा रंग बदलला, एक वही दिली आणि सांगितलं उद्यापासून सेकंड शिफ्ट तुझी. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांना आज काम कसं सांगायचं, कुणी उलट बोललं तर काय करायचं, यातलं एक अक्षर कुणी शिकवलं नाही. आणि आम्हाला वाटलं आपण त्याचं भलं केलं.

तिसऱ्याच आठवड्यात लॅडलचं, म्हणजे वितळलेलं लोखंड ज्यातून साच्यात ओततात त्या भांड्याचं, आतलं अस्तर नवीन केलेलं आणि ते नीट भाजलेलं नव्हतं. भट्टीत मेटल तयार, १४०० डिग्रीच्या वर, साचे मांडून ठेवलेले. ह्याला लॅडलच्या कडेला बारीक वाफ दिसली आणि त्यानं पोअरिंग, म्हणजे साच्यात लोखंड ओतणं, थांबवलं, बर्नर परत लावायला सांगितला. ओल्या अस्तरात वितळलेलं लोखंड पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि धातू उसळून बाहेर येतो, समोरच्या माणसाचं काय होतं ते आपण दोघांनी डोळ्यांनी बघितलंय. तरी मी काय केलं? डिस्पॅचचे फोन चालू होते, भट्टी पाऊण तास नुसती तापत ठेवलेली, विजेची युनिट जळतायत, मी खाली आलो आणि सगळ्या पोरांसमोर ओरडलो, तुला कुणी सांगितलं थांबवायला. तो काही बोलला नाही, हातातली वही गोल गुंडाळत उभा राहिला. लॅडल भाजलं, पोअरिंग झालं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ते त्याच्यामुळंच. पण त्या दिवसानंतर त्यानं स्वतःहून काही म्हणजे काही थांबवलं नाही, प्रत्येक गोष्टीला मला फोन. आठ महिन्यांनी सोडून गेला आणि दुसरीकडं ऑपरेटर म्हणून लागला. मी त्याला कधी सॉरी म्हणालो नाही आणि ते मला आजही टोचतं.

म्हणून म्हणतो, तुझे लोक का गप्प आहेत ते आधी शोध. त्यांना कुणीतरी कधीतरी चारचौघांत गप्प केलेलं असणार, तू नसशील तर तुझ्या आधीच्या साहेबानं.

दुसरं पैशाचं. ऑपरेटरला ओव्हरटाईम कायद्याप्रमाणे डबल रेटनं मिळतो, सुपरवायझर झाला की तो बंद. आमच्याकडं प्रमोशन झालेल्या माणसाच्या हातात आधीपेक्षा कमी पडत होते, घरी बायकोला काय सांगणार तो? त्यात युनियन त्याला आपला मानत नाही आणि आपण केबिनमध्ये बसवत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरी काम करणारा ठराविक पगाराच्या वर गेला की कामगार धरला जात नव्हता, ती रक्कम २०१० मध्ये महिना १०,००० रुपये केली होती, त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध कोडमध्ये १८,००० आहे. म्हणजे जवळपास सगळेच बाहेर. मग त्याची बाजू घ्यायला आपल्याशिवाय आहे कोण, सांग.

ट्रेनिंग नको असं म्हणत नाही, पण हॉटेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून नको. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकेच्या सरकारनं ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचं काम सुरू केलं, पुढं जाणते कामगार सैन्यात गेले आणि कारखान्यात नवी माणसं आली तेव्हा तेच उपयोगी पडलं, रोज दोन तास, पाच दिवस, दहा तासांत एक कोर्स. एक काम शिकवण्याचा, एक पद्धत सुधारण्याचा, एक माणसं सांभाळण्याचा. युद्धानंतर हेच जपानला गेलं आणि टोयोटानं धरून ठेवलं. शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत: माणसाला तयार कर, करून दाखव, त्याच्याकडून करून घे, नंतर परत जाऊन बघ. आम्ही कोअरला, म्हणजे साच्यात आतली पोकळी ठेवायला बसवतात त्या वाळूच्या गाभ्याला, वॉशचा लेप लावण्यापासून सुरुवात केली. सुपरवायझर नव्या पोराला आधी नुसतं सांगायचा, पातळ लाव. आता ब्रश हातात घेऊन एक कोअर स्वतः करतो, थर जाड झाला की सुकत नाही आणि कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल, वायूचं भोक, येतो हे कापलेला रिजेक्ट पीस हातात देऊन दाखवतो, मग पोराला करायला लावतो आणि करताना तोंडानं कारण म्हणायला लावतो. चौथी पायरी सगळ्यात जास्त चुकते, परत जाऊन बघायला वेळच नसतो, कारण सुपरवायझरला आपण रिपोर्ट भरायला बसवलेलं असतं. तेवढे तीन रिपोर्ट मी बंद केले, कुणाचं काही अडलं नाही.

अजून दोन गोष्टी केल्या. एक, दोन दिवसांपर्यंतची रजा सुपरवायझरच मंजूर करतो, माझ्याकडं कागद येत नाही, त्यामुळं पोरं त्याला विचारायला लागली. दुसरी, सेफ्टीसाठी कुणी काम थांबवलं तर शिफ्ट संपेपर्यंत त्याला का म्हणून विचारायचं नाही, नंतर विचारायचं ते पण एकट्याला आणि बसवून. हे मालकांकडून लेखी घ्यायला मला चार महिने लागले, भांडणं झाली, पण घेतलं.

प्रमोशनच्या वेळी ओव्हरटाईमचा फरक बेसिकमध्ये धरायचं अजून अर्धंच झालंय, त्यासाठी मागं लागलोय.

एजन्सीला हो म्हणायच्या आधी एकदा इकडं ये. रविवारी मुक्काम घरी, आई तुझी आठवण काढते. सोमवारी पावणेसातला गेटवर उभा राहा, थर्ड शिफ्टचा सुपरवायझर फर्स्टवाल्याला चार्ज कसा देतो ते बघ, पंधरा मिनिटं लागतात, मी पण तिथं असतो, बोलत मात्र नाही.

तुझाच,
बंड्या